ओळख ना पाळख, जेवण रोख

माणूस घराबाहेर का जेवतो, या प्रश्नाचं उत्तर आमच्या वडिलांच्या पिढीत एका ओळीचं होतं : घर गावाला असतं म्हणून. पुढे परिस्थिती सुधारली, घर मुंबईत आलं आणि उत्तर जरा बदललं : आज बायकोला बरं नाही म्हणून. त्याहीपुढे थोडी सुबत्ता आली, तेव्हा : आज बायकोचा वाढदिवस आहे म्हणून. इथवर मला सगळं समजतं. मी बी.कॉम. आहे. मागणी आणि पुरवठा हे दोन शब्द परीक्षेपुरते का होईना, मला पाठ आहेत. पण हल्ली मुंबईत माणसं ज्या कारणांसाठी बाहेर जेवतात आणि ज्या गोष्टींना करमणूक म्हणतात, त्या कुठल्या खात्यात टाकायच्या हे बँकेतल्या बावीस वर्षांत मला कुणी शिकवलेलं नाही.

हल्ली माणूस जेवायला जात नाही. अनुभव घ्यायला जातो. "जेवण कसं होतं?" असं विचारलं तर तो म्हणतो, "जेवणाचं सोडा हो, एक्स्पिरिअन्स भन्नाट होता!" याचा अर्थ जेवण वाईट होतं, हे उभा जन्म काउंटरच्या जाळीमागे काढलेल्या माणसालाही कळतं. हिशेबाच्या भाषेत सांगायचं तर 'अनुभव खाते नावे, रोख खाते जमा'. रोख गेली हे पासबुकात दिसतं. अनुभव आला की नाही, हे तपासायला अजून एकही ऑडिटर जन्माला आलेला नाही. धंदा म्हणून ही गोष्ट किती सोयीची, ते पाहा.

मला या सगळ्याचा राग आहे, हे आधीच सांगून टाकतो. काही वाचक म्हणतील, न अनुभवता राग धरू नये. म्हणून सांगतो, मी अनुभवलेलं आहे. माझी एक भाची आहे. ती अंधेरीला नोकरी करते, तिथेच एका काकूंकडे पेइंगगेस्ट म्हणून राहते आणि मामाला आधुनिक करण्याचं व्रत तिनं घेतलेलं आहे. दर दोन महिन्यांनी ते व्रत उजवायला ती डोंबिवलीला येते आणि आम्हाला कुठेतरी घेऊन जाते.

एकदा तिनं आम्हाला अंधारात जेवायला नेलं. मुळात ही कल्पना वाईट नाही. स्वित्झर्लंडमध्ये झुरिच शहरात १९९९ साली अंध माणसांनीच पुढाकार घेऊन असं एक हॉटेल काढलं. आत मिट्ट काळोख आणि वाढणारे अंध. बाहेरच्या जगात ज्याचा हात धरून आपण रस्ता ओलांडून देतो, तो इथे आपला हात धरून आपल्याला खुर्चीपर्यंत नेतो. त्या जेवणाला अर्थ आहे. शिवाय त्यातून काही माणसांना पगार मिळतो, ही माझ्या मते अर्थापेक्षाही मोठी गोष्ट. पण परदेशी कल्पना आपल्याकडे बोटीनं येतात आणि त्यांचा अर्थ वाटेत समुद्रात पडतो. आम्ही गेलो तिथे वाढणारे सगळे डोळस होते. फक्त आमच्या डोळ्यांवर काळ्या पट्ट्या होत्या. तोंडात गेलं ते पनीर की बटाटा, याचा आमच्यात निकाल लागेना. शेवटी आमची ही म्हणाली, "काही का असेना, मीठ नाही." आता मला सांगा, अंधारात जेवण्याचं एवढं काय? २००५-०६च्या सुमारास लोडशेडिंगच्या कृपेनं महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांनी वर्षानुवर्षं हा अनुभव घेतला. त्यांच्याकडे तर डासही होते. एक पैसा जास्त पडला नाही.

दुसऱ्या खेपेला तिनं आम्हाला पैसे देऊन कोंडून घेतलं. हा खेळ जपानचा, क्योटो शहरात २००७ साली निघालेला. चारपाच माणसांना एका खोलीत बंद करतात, बाहेरून कडी लावतात, आणि आतली कोडी सोडवून तासाभरात सुटका करून घ्यायची असते. खोली दहा बाय बाराची होती. मी आत शिरलो आणि मला भडभडून आलं. ही तर आमची लालबागची खोली! त्या मापाच्या खोलीत आम्ही सात माणसं राहत होतो आणि तिथून सुटायला आमच्या घराण्याला तीस वर्षं लागली. सुटकेची किल्ली गृहकर्ज नावाच्या पेटीत होती. ती पेटी उघडायला दोनशे चाळीस हप्ते पडतात आणि त्यातले एकशे बारा अजून बाकी आहेत. त्या मानानं हे कोडं सोपं होतं. आम्ही चाळीस मिनिटांत बाहेर आलो तर लोकांनी टाळ्या वाजवल्या. डोंबिवलीचा ताबा मिळाला त्या दिवशी कुणी टाळ्या वाजवल्या नव्हत्या. उलट सोसायटीनं पार्किंगचे पैसे मागितले.

राग आला की बशा फोडायच्या खोल्याही निघाल्या आहेत म्हणे. पैसे भरा, हेल्मेट घाला, बशा फोडा. तिथे जायला मी साफ नकार दिला. आपला राग दुसऱ्याच्या वस्तूवर काढायचा धंदा माझ्या काउंटरवर रोज दहा ते चार फुकट चालतो, आणि तिथे हेल्मेट मलाही मिळत नाही. मॉलमधल्या एका ठिकाणी तर लहान मुलं तिकीट काढून मोठ्या माणसांच्या नोकऱ्या करतात. कुणी आग विझवतो, कुणी पिझ्झा भाजतो, कुणी विमान चालवतो. तिथे एक छोटी बँकही आहे. आमचा चिरंजीव त्या बँकेच्या खिडकीशी गेला, तिथली रांग पाहिली आणि म्हणाला, "बाबा, हे नको. हे बोअर आहे." सातशे-आठशे रुपये मोजून पोटच्या मुलानं आपल्या नोकरीबद्दलचं मत ऐकवावं, हाही एक अनुभवच.

असो. ही सगळी हसण्यावारी नेण्याजोगी प्रकरणं आहेत. ज्याचे पैसे जास्त झालेत त्यानं खुशाल कोंडून घ्यावं. माझा खरा दावा आहे तो बुधवारच्या जेवणावर.

माझ्या पंचेचाळिसाव्या वाढदिवसाला भाचीनं मला एक भेट दिली. भेट म्हणजे मोबाइलवरची एक चिठ्ठी. बुधवारी रात्री आठ वाजता पाच अनोळखी माणसांबरोबर जेवायचं. माणसं कोण ते कळणार नाही, जागा त्याच दिवशी सकाळी कळणार. मी म्हटलं, "मामीला घेऊन जाऊ?"

"नाही रे मामा, नवरा-बायको एका टेबलावर चालत नाहीत. अनोळखी पाहिजेत."

यावर आमची ही स्वयंपाकघरातून म्हणाली, "अहो, मग मी येऊ शकते. वीस वर्षं जेवताना माझ्याशी एक अक्षर बोलला नाहीत. याहून अनोळखी माणूस त्यांना कुठून मिळणार?"

जेवणाआधी एक फॉर्म भरायचा होता. तुम्ही डोक्यानं निर्णय घेता की मनानं? एकटं राहायला आवडतं का? वय काय? शिक्षण काय? कुठल्या क्षेत्रात काम करता? जेवणावर साधारण किती खर्च करण्याची तयारी आहे : कमी, मध्यम की भरपूर? मी मिशीतल्या मिशीत हसलो. अहो, हे तर आमचं केवायसी! फरक एवढाच की आमच्याकडे केवायसी करून माणूस आपले पैसे ठेवायला येतो आणि इथे तो दुसऱ्याच्या भाजीसमोर बसायला येतो. नुसतं बसण्याची फी वेगळी. जे खाल ते आणखी वेगळं. भाचीनं माझ्या वतीनं 'मध्यम'वर खूण केली. आमच्या सात पिढ्यांत त्या रकान्यावर खूण करणारा मी पहिलाच.

जागा निघाली लोअर परळला, एका जुन्या गिरणीच्या आवारात. चिमणी अजून उभी आहे. धूर आता खाली, माणसांच्या तोंडातून निघतो. टेबलावर आम्ही सहा जण. एक तरुण कुठल्याशा कंपनीचा फाउंडर होता, त्याचं वय सव्वीस. दोघे कन्सल्टंट; कशाचे ते शेवटपर्यंत कळलं नाही, आणि मला वाटतं कळू नये म्हणूनच तो शब्द काढलेला असावा. एक बाई जाहिरातीतल्या, एक मुलगी कॉम्प्युटरमधली, आणि मी. मला विचारलं, "तुम्ही काय करता?" मी म्हटलं, "बँकेत आहे." फाउंडर एकदम पुढे सरकला. "इन्व्हेस्टमेंट बँकिंग?" मी म्हटलं, "नाही. पासबुक, ड्राफ्ट, हयातीचे दाखले." तो तितकाच मागे सरकला. जाहिरातीतल्या बाई मात्र भल्या. त्या म्हणाल्या, "पासबुक अजून असतं? हाउ स्वीट!"

संभाषण अडू नये म्हणून टेबलावर प्रश्नांच्या चिठ्ठ्या ठेवल्या होत्या. माझ्या वाट्याला आलेली चिठ्ठी विचारत होती, 'तुमच्या आयुष्यातली सर्वांत मोठी भीती कोणती?' मी खरं सांगितलं : संध्याकाळी कॅश टॅली न होणं. सगळे हसले. त्यांना तो विनोद वाटला. बावीस वर्षं रोज संध्याकाळी पोटात गोळा येणाऱ्या माणसाला तो विनोद वाटत नाही, पण समजावायला दुसरी चिठ्ठी नव्हती.

शेवटी बिल आलं. बिलात सेवाशुल्क लावलेलं होतं, दहा टक्के. आता इथे मात्र माझ्यातला कारकून जागा झाला. मी शांतपणे सांगितलं की ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं ४ जुलै २०२२ रोजी नियम काढले आहेत, हॉटेलवाल्याला सेवाशुल्क बिलात आपणहून घालता येत नाही, आणि दिल्ली उच्च न्यायालयानं मार्च २०२५मध्ये ते नियम कायम केले आहेत. टेबल एकदम जिवंत झालं. फाउंडर मॅनेजरला बोलावू लागला. कॉम्प्युटरवाल्या मुलीनं मोबाइलवर तो निकाल काढून दाखवला. दोन्ही कन्सल्टंटांनी त्या रात्रीत पहिल्यांदाच काहीतरी कन्सल्ट केलं. मॅनेजरनं शुल्क काढून टाकलं आणि आम्ही सहा जणांनी एकमेकांच्या हातावर टाळ्या दिल्या. खरं सांगतो, ओळख झाली ती त्या पाच मिनिटांत. बाकीचे दोन तास आम्ही चिठ्ठ्या वाचत होतो.

मग टीटीएमएम झालं, म्हणजे तुझं तू, माझं मी. त्याचं सगळं गणित मीच करून दिलं, फुकट, सेवाशुल्क न लावता.

त्या गिरणीच्या आवारातून मी बाहेर पडलो आणि लोअर परळ स्टेशनकडे चालू लागलो. या रस्त्यानं आमचे वडील वर्षानुवर्षं चालले. ते गिरणीत साच्यावर होते. आई आणि आम्ही पोरं तेव्हा संगमेश्वराकडे गावी. बाबा खानावळीत जेवत. खानावळ म्हणजे चाळीतलीच एक खोली. एक मावशी, दोन स्टोव्ह आणि पंधरावीस जेवणारे. त्यांच्यात पाळीप्रमाणे जागा बदलत. आज समोर कोण बसेल, हे ज्याची शिफ्ट सुटली त्यावर. बाबा सांगायचे, समोर कधी साताऱ्याचा जॉबर, कधी पोस्टातला शिपाई, कधी नाटकात पडदा ओढणारा, तर कधी कोर्टात कारकून असलेला आणि कायदा सांगण्यासाठीच जेवायला येणारा एक जण. बाबांची चिठ्ठी-चपाटीशिवाय ओळख झाली ती अशी : "मीठ द्या इकडे." त्या एका वाक्यावर त्यांनी चाळीस वर्षं टिकलेल्या दोन मैत्र्या केल्या आणि आमच्या आत्याचं लग्न जमवलं.

फॉर्म नव्हता, पण पत मात्र होती. १८ जानेवारी १९८२ला गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार घरी बसले, आणि घर म्हणजे गावच असलेले आपापल्या गावी गेले. बाबा काही महिने इथेच तगून राहिले, कारण मावशीनं त्यांचं खातं बंद केलं नाही. तिच्याकडे एक वही होती. त्या वहीत ती रोज एक रेघ मारायची. तारण नाही, जामीनदार नाही, पगाराची स्लिप नाही. गिरणीच बंद, तर स्लिप कुठली? बाबांनी ती उधारी पुढे दुसरी नोकरी लागल्यावर हप्त्याहप्त्यानं फेडली. मी बँकेत लागलो तेव्हा त्यांनी मला एकच सल्ला दिला होता : "माणूस बघून कर्ज द्यायला शीक." बँकेनं मला तो अधिकार अजून दिलेला नाही.

अशा मावश्यांना स्वतःला मात्र कोणी कर्ज देत नव्हतं. प्रेमाताई पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं, या खानावळवाल्या बायकांना एकत्र आणलं, आणि सावकाराच्या दारातून उठवून बँकेच्या दारात उभं केलं. आमच्या व्यवसायानं केलेल्या थोड्या चांगल्या कामांत मी ते धरतो.

आणि हे एकट्या खानावळीचं नव्हतं. धोबीतलावचा कयानी इराणी १९०४ सालचा. संगमरवरी टेबल, लाकडी खुर्च्या, आणि गर्दीच्या वेळी तुम्ही एकटेच चार खुर्च्यांच्या टेबलावर बसलात तर तीन माणसं न विचारता येऊन बसणार. इराण्याकडे नियम पुष्कळ. त्याच्या पाटीवर निस्सिम इझिकिएल यांनी कविताच केली. इतके नियम असत, पण 'अनोळखी माणसासमोर बसू नये' हा नियम कुठल्याच पाटीवर नव्हता. माटुंगा स्टेशनसमोर रामा नायकांचं उडुपी श्रीकृष्ण बोर्डिंग १९४२ पासूनचं. केळीच्या पानासमोर जी जागा रिकामी होईल ती आपली. बोहरी मंडळींच्या घरी तर आठ जण एकाच थाळाभोवती बसतात आणि चिमूटभर मिठानं सुरुवात करतात. दादरच्या गुरुद्वाऱ्यात लंगरला बसलात तर शेजारी मोटारवाला आहे की मोटार धुणारा, हे विचारण्याची पद्धत नाही. अनोळखी माणसासमोर जेवणं हा मुंबईचा फुकटचा धर्म होता. आज त्याचं तिकीट निघालं आहे आणि ते विकणारा म्हणतो, ही नवी कल्पना आहे!

हे सगळं मी भाचीला ऐकवलं. पुढच्या रविवारी, जेवताना, चांगलं तासभर ऐकवलं. तिनं शांतपणे ऐकलं, कढीची वाटी तोंडाला लावून संपवली आणि म्हणाली, "मामा, तुझ्या त्या खानावळीत बायका जेवायला यायच्या का रे?"

मी म्हटलं, "रांधायला होत्या."

"तेच. आणि इराण्याकडे?"

"फॅमिली रूम असायची."

"म्हणजे फॅमिली असेल तर. माझी फॅमिली चिपळूणला आहे. मी एकटी कुठे बसू? मी हॉटेलात एकटी बसले तर वेटर दोनदा विचारतो, कुणी येणार आहे का मॅडम. रोज रात्री मी मोबाइलवरून डबा मागवते आणि पलंगावर बसून मोबाइलकडे बघत जेवते. समोर भिंत. त्या बुधवारच्या टेबलावर निदान कुणी टक लावून बघत नाही. आणि तुझ्या मावशीच्या खानावळीत कुणालाही घेत होते का? खरं सांग हां."

मुलगी हुशार आहे, आमच्याकडची आहे. दोन्ही मुद्दे खरे आहेत. खानावळी गावागावांच्या होत्या, मालवणी वेगळी, घाटावरची वेगळी. आणि गाव म्हणताना पुष्कळदा जात म्हणायची असे. ज्याला त्या पंगतीत घेत नव्हते त्याला मिठाची वाटीसुद्धा कुणी पुढे केली नसती. म्हणूनच तर माझा राग आहे! पंगतीतल्या त्या रेघा पुसायला या महाराष्ट्राला शंभर वर्षं लागली. महाडच्या तळ्याचं पाणी प्यायला १९२७ साली सत्याग्रह करावा लागला, ही आपली कीर्ती. आणि आता कुठे त्या रेघा थोड्या फिकट होतायत, तर आपण फॉर्मच्या रकान्यांनी नव्या रेघा आखतोय. 'कमी, मध्यम की भरपूर' ही पंक्तीच आहे, आणि पंक्तिभेद इंग्रजीत केला म्हणून तो सुधारणा होत नाही. त्या बुधवारी मी पाच अनोळखी माणसांबरोबर जेवलो असं पावतीवर लिहिलंय. पावती खोटी आहे. पाचही जण एकाच पगारगटातले, एकाच भाषेत हसणारे, एकाच विमानतळावरून सुट्टीला जाणारे. ते एकमेकांना अनोळखी नव्हते. त्यांची फक्त नावं ठाऊक नव्हती. टेबलावरचा अनोळखी माणूस एकटा मी होतो, आणि माझे पैसे भाचीनं भरले होते.

राहता राहिला एकटीनं कुठे बसायचं हा प्रश्न. तो खरा आहे, आणि त्याला मी विनोदानं उत्तर देणार नाही. समोर भिंत घेऊन जेवणाऱ्या पोरापोरींनी हे शहर भरलेलं आहे. माणसं एकटी पडली नसती तर हा धंदा एक बुधवारही चालला नसता. पण औषध विकणाऱ्यानं आजार बरा केला तर त्याचं दुकान बंद पडेल, इतकं वाणिज्य मलाही येतं. मी भाचीला विचारलं, "तू सकाळी कुठल्या डब्यातून जातेस?" लेडीज डबा! त्या डब्यात अनोळखी बायका एकमेकींच्या मांडीवर पिशव्या ठेवतात, मटार सोलतात, हळदीकुंकू करतात, दसऱ्याला डबा सजवून पूजा करतात, आणि सात महिने पुरे झालेल्या मुलीचं डोहाळजेवण चालत्या गाडीत उरकतात. आमची ही रोज ८.२७ला डोंबिवलीहून त्या डब्यात चढते. लग्नाच्या साड्या, सासूची शस्त्रक्रिया आणि पोराची दहावी ही तिन्ही संकटं तिनं त्या डब्यातल्या, आडनावं न विचारलेल्या बायकांच्या भरवशावर पार पाडली. तिच्या त्या ग्रुपमध्ये एक नर्स आहे, एक मास्तरीण आहे, एक मंत्रालयातली आहे आणि एक मासे विकणारी आहे, जिची गाडी खरं तर वेगळी, पण गप्पा राहून जातात म्हणून ती ही पकडते. कुठलं कॉम्प्युटर असं टेबल जमवून देईल? तो 'कमी'वाल्यांना 'मध्यम'च्या शेजारी बसवतच नाही.

भाची म्हणाली, "मामा, पण ट्रेनमध्ये जेवता येत नाही." मी म्हटलं, "तेच तर माझं भांडण आहे!" जिथे बसून जेवता येईल अशा जागा या शहरानं राखल्या नाहीत. इराणी एकेक करून मिटले, आणि उरलेले बोटांवर मोजण्याइतके. गिरण्यांबरोबर खानावळी गेल्या. गिरण्यांच्या जमिनीवर मॉल आले, आणि मॉलमध्ये बसायला बाक शोधा म्हणजे मिळणार नाही, कारण बाकावर बसलेला माणूस काही विकत घेत नाही. २०२० सालच्या प्रजासत्ताक दिनी सरकारनं दहा रुपयांची शिवभोजन थाळी सुरू केली तेव्हा आमच्यासारख्या मध्यम रकान्यातल्या लोकांनी काय केलं? कौतुक केलं, आणि तिथे जेवायला गेलो नाही. ते 'त्यांच्या'साठी आहे म्हणालो. एकदा 'त्यांच्यासाठी' आणि 'आपल्यासाठी' अशी टेबलं पडली की मग अनोळखी माणूस मिळवायला तिकीटच काढावं लागणार!

शिवाजी पार्कचा कट्टा अजून आहे. ते मैदान १९२५ सालचं, आणि त्याभोवतीचा कट्टा किलोमीटरहून लांब. मुंबईतलं सर्वांत मोठं टेबल तेच, असं माझं मत आहे. तिथे क्रिकेटमधला निवृत्त पंच, शेंगदाणे विकणारा, प्रेमात पडलेले दोघे आणि मधुमेह झालेले सोळा एका ओळीत बसतात. कुणी कुणाचं केवायसी करत नाही. फी नाही, जीएसटी नाही, चिठ्ठ्या नाहीत. संभाषणाचा विषय लागतोच तर समोर कुणीतरी बाद झालेला असतो. महापालिकेला माझी मागणी एवढीच आहे : असे कट्टे बांधा, अंधेरीत बांधा, घाटकोपरला बांधा, त्यावर दिवा लावा, जवळ पिण्याचं पाणी आणि बायकांसाठी स्वच्छ संडास ठेवा, म्हणजे माझ्या भाचीला डबा घेऊन तिथे बसता येईल. अनुभव-बिनुभव आमचा आम्ही घेऊ.

आणि वाचकहो, पालिकेचं होईल तेव्हा होईल. तोवर एक काम आपल्या हातातलं आहे. हॉटेलात जागा मिळाली की आपण समोरच्या खुर्चीवर पिशवी ठेवतो. कुणी येऊन विचारलं, "इथे कुणी आहे का?" तर आपण नजर वर न करता सांगतो, "येणारेत." कुणी येणार नसतं. या शहरातलं सर्वांत जास्त वेळा बोललं जाणारं खोटं तेच असावं. उद्यापासून ती पिशवी मांडीवर घ्या, आणि म्हणा, "नाही, बसा ना." समोर बसेल तो कन्सल्टंट असेल, कुरिअरवाला असेल, नाहीतर एकटी जेवायला आलेली कुणाची तरी भाची असेल. तिला टक लावून बघू नका. मीठ तेवढं पुढे करा.